एका ताटातले दोघे

"अर्धी प्लेट मिळेल का हो?"

तिने हे इतकं हळू विचारलं, की खाणावळीच्या काउंटरमागच्या मावशींना दोनदा "काय?" म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा ती तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या मागून – खरं तर तिच्या डोक्याच्या बऱ्याच वरून – एक भरदार आवाज आला.

"मावशी, मलाही अर्धीच द्या."

मावशींनी हातातला डाव तसाच हवेत धरला. दुपारचा एक वाजला होता. रांग पार दारापर्यंत गेलेली, आत शेगडीवर सूप उतू चाललेलं.

"इथे अर्धं काही मिळत नाही," त्या म्हणाल्या. "अर्धा मासा देऊ, आणि उरलेल्या अर्ध्याचं काय लोणचं घालू? तुम्ही दोघं मिळून एक घ्या आणि बसा त्या खिडकीपाशी. चला, पुढचा कोण?"

काय चाललंय हे कळायच्या आत एक ताट, दोन चमचे आणि एक अनोळखी माणूस तिच्यासमोर हजर होते.

माणूस चांगला धिप्पाड. अंगावर निळे कामाचे कपडे, खिशाला दोन स्क्रू ड्रायव्हर. बसण्याआधी त्याने खुर्ची हळूच दाबून पाहिली. तिला ते पाहून उगाच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. नव्या खुर्चीत तीही अशीच बसायची – आधी बेताने, मग हिंमत करून.

"मी लिफ्टवाला," तो म्हणाला. "समोरच्या इमारतीतल्या दोन्ही लिफ्ट माझ्या. म्हणजे चालू असल्या की मालकाच्या, बंद पडल्या की माझ्या."

"मी कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात असते. डोळे तपासते."

"म्हणजे 'हे बरं दिसतं की ते' असं विचारतात, त्या तुम्ही?"

"त्याच मी."

"मग सांगा बघू." त्याने ताट तिच्याकडे वळवलं. "मासा बरा दिसतो की भात?"

तिला हसू आलं. पण तिने ते ओठांतच अडवलं. पहिल्याच मिनिटाला इतकं कशाला द्यायचं?

त्याने मासळीच्या तुकड्याचे चमच्याने दोन सारखे भाग केले, उकडलेली फरसबी आणि गाजरं वाटली, आणि भात मात्र मधोमध तसाच ठेवला. "आधी मासा, मग भाजी, मग जागा उरली तर भात. आमच्या डॉक्टरबाईंचा हुकूम आहे. दर रविवारी पोटात सुई टोचून घेतो ना मी. भूक कमी व्हायची."

तिचा चमचा वाटेतच थांबला. तिने चटकन आजूबाजूला पाहिलं. हा माणूस तर हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा बोलत होता!

"असं... सगळ्यांना सांगता तुम्ही?"

"का? चोरी थोडीच केलीय?" तो सावकाश घास चावत म्हणाला. "लिफ्ट ज्या खोल पोकळीतून वरखाली जाते ना, तिथे आत उतरायला कमरेला पट्टा लागतो. त्या पट्ट्याची वजन झेलायची हद्द असते. मी ती कधी ओलांडली, मलाच कळलं नाही. साहेबांना कळलं. तेव्हापासून दारं आणि बटणं दुरुस्त करतोय. जीव नुसता आंबून गेलाय. परत आत उतरायचंय मला." मग त्याने सहज विचारलं, "आणि तुमची अर्धी प्लेट कशासाठी?"

"मला..." ती पाण्याचा पेला उगाच फिरवत म्हणाली, "मला मुळातच भूक कमी आहे."

आजवर ती इतकं धडधडीत खोटं कधी बोलली नव्हती.

कारण लहानपणापासून घरात तिचं नाव होतं ढमी. पंगतीत कोणी ना कोणी तिच्या ताटाकडे पाहायचंच. दुसरी वाढ मागितली, की काका डोळे मिचकावायचे, नाही मागितली, तर आत्या विचारायची, "आज काय गं, आजारी का?" भूक म्हणजे तिच्यासाठी चारचौघांत होणारी फजिती. मग गुडघे दुखायला लागले, रक्तात साखर सापडली, आणि डॉक्टरांनी आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलं. ती दर बुधवारी दुकानातल्या मागच्या खोलीत दार लावून ते घ्यायची. तिथल्या छोट्या फ्रिजमध्ये, डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या मागे ते लपलेलं असायचं. घरी आईला, दादाला, वहिनीला – कुणाला म्हणून कुणाला पत्ता नव्हता.

आणि महिन्याभरात जन्माची ती भूक गप्प झाली. कुणी आरडाओरडा करणारं शेजारचं बिऱ्हाड एका सकाळी निघून जावं, तशी.

दुसऱ्या दिवशी ती दारात आली, तर मावशींनी न विचारताच एक ताट आणि दोन चमचे काढले. "तुझा लिफ्टवाला आलाय," त्या म्हणाल्या.

"माझा काय म्हणून?" ती लाल झाली.

"बरं बाई, माझा. नेऊन दे त्याला ताट."

मग ते रोजचंच झालं. कधी कोंबडी, कधी उकडलेली अंडी आणि वाटाणे, कधी घट्ट दही आणि भाजी. तो ताटाची वाटणी करायचा, ती खिडकीतून ऊन कुठवर आलं ते बघायची. तो बोलायचा फार, पण जेवताना घाई करायचा नाही. पाणी जेवताना नाही, आधी किंवा नंतर. तळलेलं समोर आलं की हात जोडायचा. "एकदा खाल्लं होतं. रात्रभर पोट माझ्याशी भांडत होतं." पोटाने पुरे म्हटलं की तिथल्या तिथे चमचा खाली. मग उरलेला भात खिडकीबाहेरच्या चिमण्यांना.

"आणि हे घ्या." तो आपल्या वाटच्या अंड्याचा पिवळा भाग तिच्याकडे सरकवायचा. "डोळ्यांना चांगलं असतं म्हणे."

"डोळे मी बघते. तुम्ही लिफ्ट बघा."

"लिफ्ट बघूनच बोलतोय. वजन कमी करायचं म्हणून कुणी लिफ्टचे दोर काढत नाही, चष्मेवाल्या बाई."

ती हसायची. आणि त्या हसण्याच्या आडून अंडं तसंच ताटाच्या कडेला ठेवून द्यायची.

कारण तिला आता वेगळीच झिंग चढली होती. न खाणं इतकं सोपं असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं! सकाळचा नाश्ता सुटला. वहिनीने भरून दिलेला डबा दुकानातल्या सफाईवाल्या बाईंकडे जायला लागला. रात्री घरी, "दुकानातच खाल्लं गं." कपडे सैल झाले, आणि लोकांची तोंडं गोड झाली. वहिनी तर येता-जाता तिला आरशासमोर उभी करायची. "बघ तरी! किती बारीक झालीस! ओळखू येत नाहीस!" जिला उभ्या जन्मात असं कुणी म्हटलं नव्हतं, तिने ते शब्द पोटभर खाल्ले. दुसरं काही खायचं कारणच उरलं नाही.

दिवसाकाठी तिच्या पोटात जे काही जायचं, ते त्या खिडकीपाशी. तेही तो समोर बसलेला असायचा म्हणून.

अडीच महिने असे गेले. मग एके दिवशी तो आला तोच उड्या मारत.

"बोलावणं आलंय! दोन आठवडे मुख्य कचेरीत. परीक्षा, सराव... पास झालो की पट्टा परत!" मग एकदम आवाज उतरवून, "तुम्ही याल ना इथे? रोज? मी नसलो तरी?"

"येईन की."

"आणि अंडं?"

"खाईन हो!"

तो गेला. दुसऱ्या दिवशी ती मावशींच्या दारापर्यंत गेली, खिडकीपाशी दुसरंच कोणी बसलेलं पाहिलं... आणि परत फिरली. त्यानंतर गेलीच नाही.

नवव्या दिवशी दुपारी ती एका निवृत्त शिक्षकांचे डोळे तपासत होती. खोलीत अंधार, समोर उजळलेला अक्षरांचा तक्ता. सकाळी विंचरताना केसांचा एवढा पुंजका हातात आला होता. चष्म्याचे इवलेसे स्क्रू बसवताना बोटं थरथरत होती. "हे बरं दिसतं की ते?" तिने भिंग बदलत विचारलं.

"पहिलं," गुरुजी म्हणाले.

"आणि आता... हे... की..."

तक्त्यावरची अक्षरं तिच्याच डोळ्यांसमोरून पुसली गेली. तिने भिंतीला हात लावला, भिंत काही सापडली नाही.

शुद्धीवर आली तेव्हा ती जमिनीवर होती. गुरुजी डोळ्यांवर ती तपासणीची जड फ्रेम तशीच ठेवून तिच्यावर वाकले होते आणि घाबरेघुबरे होऊन म्हणत होते, "बाई, मला आता सगळं स्वच्छ दिसतंय हो! तुम्ही उठा फक्त!"

दुकानमालकांनी वहिनीला फोन केला. वहिनी पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून धावत आली, आणि डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत तिला सगळं एकदम कळलं. इंजेक्शन, फ्रिज, थेंबांच्या बाटल्या – सगळं.

"काल काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"चहा... अर्धं सफरचंद."

"आणि परवा?"

तिने वहिनीकडे बघणं टाळलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे औषध भूक कमी करतं. शरीराची गरज नाही कमी करत. नुसती चरबी नाही गेली तुमची, दंडातली, मांड्यांतली ताकद गेलीय. केस चाललेत, पाणी पुरेसं नाही. ज्या शरीराला आपण बरं करायला निघालो, त्यालाच उपाशी मारताय तुम्ही." त्यांनी मात्रा कमी करून लिहिली. "दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. अंडी, मासे, दही, कडधान्य, जे आवडेल ते. पण भुकेची वाट बघू नका. घड्याळ बघून खा. महिन्याभरात सुधारलं नाही, तर औषध बंद."

परतीच्या वाटेवर वहिनी तिचा दंड घट्ट धरून चालत राहिली. घराच्या जिन्यात मात्र मटकन खाली बसली आणि तिला रडू फुटलं.

"तू इंजेक्शन घेतलंस, लपवलंस, जाऊ दे. पण मी रोज पहाटे उठून डबा भरत होते गं... आणि तू उपाशी?"

"वहिनी, मला वाटलं तुम्ही सगळे हसाल. काका हसायचे तसे. म्हणाल, हिला साधं तोंड आवरता येत नाही, त्याला पण औषध लागतं."

वहिनीने पदराने डोळे पुसले. "आणि वरून मीच. 'किती बारीक झालीस, किती छान दिसतेस!' जीभ झडो माझी. एकदा तरी विचारलं का मी, बरी आहेस ना म्हणून?" तिने नणंदेचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. त्या हाताकडे ती बराच वेळ बघत राहिली. "आजपासून कुणी काही बोलणार नाही या घरात तुझ्या ताटाकडे बघून. जास्त म्हणूनही नाही, कमी म्हणूनही नाही. मी उभी आहे."

आणि वहिनी शब्दाला जागली. दुसऱ्या दिवसापासून एकाऐवजी चार छोटे डबे. वाटीभर दही. मऊ शिजवलेली कडधान्यं. एक अंडं. चार बदाम आणि अर्धं फळ. ती समोर बसायची नाही, आग्रह करायची नाही; वेळ झाली की दुकानात फोन यायचा, "आठवण केली फक्त," आणि फोन बंद. पहिले दिवस कठीण गेले. भूक नसताना खाणं म्हणजे झोप नसताना डोळे मिटून पडणं. पण एक घास... मग अजून एक. चार-पाच दिवसांत बोटांची थरथर थांबली. ती रात्री अंथरुणावर पडली, की वहिनीच्या पावलांचा आवाज ऐकत राहायची. आपल्यासाठी कुणीतरी इतकं करतंय!

तो परतला त्या दिवशी ती त्याच्या आधी जाऊन खिडकीपाशी बसली होती. दारातून येताना त्याने दोन्ही हात वर केले – पास! कमरेला नवा पिवळा पट्टा, मुद्दाम दाखवायला म्हणून काढला नव्हता. पण जवळ येताच त्याचं हसू मावळलं.

"बरं नव्हतं का तुम्हाला?"

"बसा आधी," ती म्हणाली. "मला एक सांगायचंय. मुळातच भूक कमी वगैरे काही नाही मला. मी पण घेते. सुई. तुम्ही रविवारी, मी बुधवारी."

त्याने कमरेचा पट्टा सोडून शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

"ऐकलंत का? खोटं बोलत होते मी. इतके दिवस."

"माहीत होतं मला."

"काय?"

"पहिल्या दिवसापासून. ज्याला मुळातच भूक कमी असते तो ताटाकडे कंटाळून बघतो. तुम्ही घाबरून बघत होतात."

"मग बोलला का नाहीत?"

"गुपित तुमचं. कधी सांगायचं ते तुम्ही ठरवायचं." त्याने टेबलावरचा चमचा उगाच सरळ केला. "मी आपलं अंडं सरकवत होतो. दुसरं काय जमणार होतं?"

इतक्यात मावशी स्वतः ताट घेऊन आल्या. आज गर्दी कमी होती, आणि त्यांचं तोंड मोकळं होतं.

"आलास का रे? आता चारचं काय? सूप ठेवू की नको?"

"मावशी..." त्याने डोळ्यांनी खुणावलं. मावशींचं लक्षच नव्हतं.

"चारचं कसलं सूप?" तिने विचारलं.

"अगं, हा जायच्या आधी दोन महिने रोज चार वाजता परत यायचा. सूप, दोन अंडी, पाव! त्याच्या डॉक्टरबाईंनी केव्हाच सांगितलंय त्याला, आता वजन बस झालं, कामाला ताकद हवी, दुपारी पुरतं जेव. मी म्हटलं, अरे मग दुपारीच घे ना एक अख्खं ताट! तर म्हणतो, नको मावशी, अर्धंच बरं आहे." मावशी ताट ठेवून, पाठ वळवून हसत निघून गेल्या.

त्याचे कान लाल झाले होते. एवढा मोठा माणूस, पण कुठे लपू असं झालं होतं त्याला.

"म्हणजे..." ती हळूच म्हणाली, "दोन महिने तुम्ही माझ्यासमोर अर्धपोटी उठत होतात?"

"अर्धपोटी कुठे... चारला यायचो ना."

"का?"

"मी अख्खं ताट घेतलं असतं, तर तुम्ही एकट्या पडला असतात. मग तेवढंही खाल्लं नसतंत."

"फक्त म्हणून?"

बाहेर एक चिमणी गजावर येऊन बसली. तो चिमणीकडे बघत राहिला, मग धीर करून त्याने समोर पाहिलं.

"नाही... फक्त म्हणून नाही."

तिने नजर खाली वळवली. आत काहीतरी उमलत होतं आणि त्याच वेळी जुनं काहीतरी टोचत होतं. "मी आता बारीक झालेय, म्हणून तर नाही ना?" तिने विचारलंच.

"तुम्ही बारीक होत होतात आणि मी घाबरत होतो," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी जेवढ्या होतात ना, तेवढ्याच मला पुरे होत्या. उत्तर आज नको. आधी मासा खा."

तिने मासा खाल्ला. सावकाश, सगळा. डोळ्यांत पाणी होतं, म्हणून थोडा खारट लागला.

त्यानंतर खिडकीपाशी दोन ताटं यायला लागली. तो त्याचं संपवायचा. ती जमेल तेवढं खायची, उरलेलं डब्यात घालून संध्याकाळसाठी न्यायची. तो आता रोज त्या खोल पोकळीत उतरायचा आणि वर आला की तिला आधी सांगायचा, "आलो वर." ती हुश्श म्हणायची. डॉक्टरांच्या काट्यावर आता आकडा हळूहळू उतरत होता, घाई न करता. आणि दंड दाबून पाहून ते "शाब्बास" म्हणत होते. वहिनीने तर एका रविवारी लिफ्टवाल्याला घरी बोलावून पाहून घेतलं, आणि तो गेल्यावर एवढंच म्हणाली, "जेवताना तुझ्या ताटाकडे एकदासुद्धा बघितलं नाही गं त्याने. चेहऱ्याकडे बघत होता."

असाच दीड महिना गेला. एका संध्याकाळी दुकान बंद करून दोघं चालत निघाले होते. भुरभुर पाऊस होता, छत्री एकच होती आणि ती अर्थातच तिच्या बाजूला जास्त कलली होती. कोपऱ्यावरच्या बेकरीतून ताज्या पावाचा वास आला, आणि ती चालता-चालता एकदम थांबली. हात पोटावर गेला.

"काय झालं? चक्कर?" त्याने छत्री टाकूनच दिली.

"नाही... थांबा. बोलू नका जरा." ती आतला आवाज ऐकत उभी होती. मग तिने वर पाहिलं. चेहऱ्यावर असं आश्चर्य, जसं लहान बाळाने पहिल्यांदा हाक मारावी. "मला भूक लागलीये."

"खरंच?"

"खरंच. लहानशीच आहे. पण माझी आहे!"

तो पळतच बेकरीत घुसला. अंडं आणि चीज घातलेला गरम पाव घेऊन आला, तोवर ती शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. तिने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. सारं आयुष्य जिची लाज वाटली, जिला दडपलं, जिला शेवटी हाकलूनच दिलं, ती भूक माहेरवाशिणीसारखी परत आली होती – अदबीने, थोडक्या दिवसांसाठी, काही न मागता. आणि या वेळी तिला दारातून परत पाठवावंसं वाटत नव्हतं. ती चावत होती आणि मनातल्या मनात आभार मानत होती. औषधाचे, डॉक्टरांचे, वहिनीचे. आणि शेजारी भिजत बसलेल्या या माणसाचे, जो जन्मात पहिल्यांदाच इतका वेळ गप्प होता.

पाऊण पाव झाल्यावर ती थांबली. "पुरे."

"पुरे तर पुरे." त्याने कागदाची नीट घडी घातली.

"तू मला एकदा काहीतरी सांगितलं होतंस," ती म्हणाली.

त्याचे हात थबकले. तू! इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"उत्तर आज नको म्हणाला होतास. ते... आज चालेल का?"

"चालेल." त्याचा भरदार आवाज कुठच्या कुठे गेला होता.

"मग ऐक. मला तू हवा आहेस. आणि मी हे पोट भरलेलं असताना, शुद्धीवर असताना सांगतेय."

तो हसायला लागला. हसता-हसता त्याने तिचा हात धरायला हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. "आज दोर बदललेत... हात सगळे ग्रीसचे आहेत गं."

"असू देत," ती म्हणाली, आणि तो काळा, ओला, भलामोठा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.